आधी पुस्तिका दाखवा
डोणगाव (ता. मेहकर, जि. बुलडाणा) आणि परिसरातील वाहनधारकांचा जाहीरनामा

आम्ही डोणगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांतले गाडीवाले. कोणाकडे स्प्लेंडर, कोणाकडे जुनी अल्टो, कोणाकडे हप्त्यावरची पिकअप, कोणाच्या दारात ट्रॅक्टर. आज आम्ही असं ठरवलं आहे की गाडीतलं कोणतंही ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बदलण्याचे, किंवा त्यांच्या आडून येणाऱ्या फ्लशिंग, क्लीनिंग, ट्रीटमेंटचे पैसे आम्ही दोनच कारणांसाठी देऊ. एक, कंपनीच्या पुस्तिकेत ते काम त्या किलोमीटरला किंवा त्या महिन्याला लिहिलेलं असेल. दोन, त्याची गरज असल्याची खूण आम्हाला गाडीपाशी नेऊन दाखवली असेल. तिसरं कारण आम्ही मानत नाही. आणि पुस्तिकेत जे लिहिलं आहे ते आम्ही टाळणारही नाही. या शेवटच्या वाक्यावर काहींनी नाक मुरडलं, पण ते राहणार आहे.

प्रकार कसा घडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. चारचाकीचं शोरूम गावात नाही. अकोला, वाशीम, बुलडाणा, खामगाव, जिथे गाडी घेतली तिथे सकाळी उठून जायचं. काउंटरवर जॉब कार्ड होतं, इंग्रजीत, खाली आपली सही. मग वेटिंग रूम: एसी, टीव्ही, मशीनचा चहा. साडेअकराच्या सुमारास ॲडव्हायझर टॅब घेऊन येतो. मुलगा हसतमुख, आपल्याच भागातला, 'काका' म्हणतो. "काका, गाडी चेक केली. इंजिन फ्लश करून घ्या, थ्रॉटल बॉडीत कार्बन आहे, इंजेक्टर क्लीनिंग सजेस्ट केलंय, कूलंट डल वाटतंय, स्टेअरिंग ऑइल पण बदलून टाकू. एसीचं ऑफरमध्ये आहे."

"गरजेचं आहे का रे बाप्पा?"

"तुमच्या गाडीच्या भल्यासाठीच सांगतोय काका. उद्या इंजिनचं काम निघालं तर किती खर्च येतो, तुम्हाला माहितीच आहे."

काका गप्प. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, शेजारच्या खुर्चीतला माणूस ऐकतो आहे, आणि आपल्याला यातलं काही कळत नाही हे चारचौघांत उघडं पडू नये असंही वाटतं. "पाहून घ्या मग," काका म्हणतात. त्या तीन शब्दांवर शोरूमचा महिना चालतो.

आता त्याच यादीतलं स्टेअरिंग ऑइल घ्या. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असतं. त्याला मोटर असते. ऑइल नसतं, ऑइलची टाकीही नसते. हायड्रॉलिक स्टेअरिंगच्या गाडीत मात्र टाकी असते, झाकण असतं, पातळीच्या खुणा असतात. म्हणजे बॉनेट उघडून "टाकी कुठं आहे ते दाखव बाबा" एवढं विचारलं तरी एक ओळ यादीतून गळते. मुलगा मुद्दाम फसवतो असं आमचं म्हणणं नाही. टॅबवर सगळ्या गाड्यांसाठी एकच ठरावीक यादी असते आणि महिन्याचं टार्गेट असतं. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला फारसं सुटत नाही. खरी कमाई सर्व्हिसिंग, सुटे भाग, विमा आणि 'व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस' यांत आहे. 'फ्री सर्व्हिसिंग' म्हणतात त्यातही मजुरीच काय ती फुकट, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच. ही व्यवस्था आम्ही एका दिवसात बदलू शकत नाही. 'पाहून घ्या' म्हणणं बंद करू शकतो.

म्हणून पहिली गोष्ट पुस्तिका. ती कुठे असते? डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याचे कागद, गजानन महाराजांचा फोटो आणि पीयूसीच्या चिठ्ठ्या यांच्या तळाशी, बहुधा प्लास्टिकही न फाडलेली. तिच्या शेवटच्या पानांत एक तक्ता असतो. डावीकडे कामं, वर किलोमीटर आणि महिने, चौकटींत अक्षरं. पुस्तिकेगणिक अक्षरं थोडी बदलतात, पण दोन बहुतेक ठिकाणी सापडतात: 'आय' म्हणजे तपासा, 'आर' म्हणजे बदला. आमच्या जुन्या पावत्या काढून तक्त्याशी लावून पाहिल्या तेव्हा ध्यानात आलं की अर्ध्याअधिक जादा पैसे या दोन अक्षरांच्या मध्ये गेले आहेत. तक्त्यात 'तपासा' लिहिलं होतं, बिलात 'बदललं' आलं. तपासण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, बदलण्याचे लागतात. मग 'तपासा'चा निकाल 'बदला' असाच लागणार.

त्याच तक्त्याशेजारी बऱ्याच पुस्तिकांत दुसरा तक्ता असतो, खडतर वापरासाठीचा. धुळीचे रस्ते, ओव्हरलोड, ट्रॉली ओढणं, रोज चार-पाच किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, कडक ऊन. हा तक्ता फारसं कोणी वाचत नाही, पण आमच्यापैकी निम्मे लोक त्यातच बसतात. शेतरस्त्याने रोज दुधाचे कॅन आणणारी दुचाकी, सोयाबीनच्या पोत्यांनी भरून मेहकरच्या बाजार समितीत जाणारी पिकअप, यांना पुण्याच्या सोसायटीत उभ्या राहणाऱ्या गाडीचा तक्ता लावता येत नाही. अशा गाडीसाठी शोरूमवाला "ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदला" म्हणाला तर तो खरं बोलतो आहे. तो शोरूमवाला आहे म्हणून त्याचं खरं खोटं होत नाही.

इंजिन ऑइलबद्दल वाद कमी आहे, गैरसमज जास्त. "ऑइल काळं पडलंय, बदलावं लागेल" हे वाक्य आम्ही यापुढे कारण म्हणून स्वीकारणार नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच ऑइलमधल्या डिटर्जंटचं काम. काळं ऑइल म्हणजे काम करणारं ऑइल. किलोमीटर, महिने आणि ग्रेड, या तीन गोष्टी पाहायच्या. ग्रेडमध्ये मात्र कंजुषी चालणार नाही. बीएस-सहा डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असेल तर त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. स्वस्तातलं जुन्या ग्रेडचं घातलं की फिल्टर चोंदतो आणि मग खरंच शोरूमला जावं लागतं. दुचाकीतही तसंच. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्या त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून तिच्या डब्यावर 'जासो एमए' असा शिक्का हवा. कारचं उरलेलं ऑइल स्प्लेंडरला घालून लिटरभर वाचवणारे आमच्यात आहेत. त्यांचा क्लच चढावर घसरतो आणि ते पेट्रोलपंपाला नावं ठेवतात.

इंजिन फ्लश आम्ही सरसकट नाकारतो. ऑइल बदलायच्या आधी एक डबा ओतून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मग सगळं काढायचं. नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या तक्त्यात ते सहसा नसतंच. ज्याने वेळेवर ऑइल बदललं त्याच्या इंजिनात धुण्यासारखा गाळ नसतो. ज्याने वर्षानुवर्षं बदललं नाही त्याच्या इंजिनात गाळ असतो, पण तिथे फ्लश करणं म्हणजे गाळाने भरलेली विहीर ढवळून मोटर चालू करणं. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. म्हणजे चांगल्या इंजिनाला फ्लशची गरज नाही आणि वाईट इंजिनाला तो झेपत नाही. इंजेक्टर क्लीनिंग आणि थ्रॉटल बॉडीचंही असंच: गाडी आयडलला थरथरत असेल, ॲव्हरेज पडलं असेल, चेक लाइट लागली असेल तर जरूर करा. गाडी नीट चालते आहे आणि दर सर्व्हिसिंगला 'कार्बन'? नाही.

ब्रेक ऑइलबाबत मात्र आमचा उलटा आग्रह आहे, आणि यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे लोक पैसे वाचवतात आणि जीव घालवतात. ब्रेक ऑइल नावाचं ऑइल नसतंच खरं तर. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलवर आधारलेली द्रवं हवेतलं पाणी शोषून घेतात. टाकीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी पाइपांतून, झाकणाच्या छिद्रातून ओल शिरते. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दर्जा ठरलेला आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ती किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. आता भरलेली गाडी बुलडाण्याहून राजूर घाटाने मोताळ्याकडे उतरते आहे असं धरा. डिस्क तापते, कॅलिपर तापतो, आतलं जुनं पाणी मिसळलेलं द्रव उकळतं आणि त्याची वाफ होते. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. ब्रेकचं पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घाट संपल्यावर, गार झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून मिस्त्रीला दाखवायला काही उरत नाही. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात, किलोमीटर कितीही होवो. आमच्यातल्या अनेक गाड्यांचं ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून तेच आहे. आम्ही ते बदलू.

पण यातही एक चोरवाट आहे. ब्रेक पॅड झिजले की टाकीतली पातळी थोडी उतरते, कारण पिस्टन पुढे सरकतो आणि ती जागा द्रव भरतं. पॅड नवे घातले की पातळी आपोआप वर येते. म्हणून 'टॉप-अप'चे पैसे लावणाऱ्याला आधी पॅड दाखवायला सांगा. पॅड जाड आणि तरी पातळी उतरलेली असेल तर गळती आहे, आणि मग टॉप-अप हे उत्तर नव्हेच. पाण्याचं प्रमाण दाखवणारं पेनासारखं साधन मिळतं, महाग नसतं. वर्गणीतून एक घ्यायचं ठरलं आहे.

कूलंटचा दोष निम्मा आमचा आहे. "गाडी तापली, पाणी टाका" हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. जिल्ह्याच्या पूर्णाकाठी, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. तिथलं विहिरीचं पाणी माणसाला पिववत नाही आणि गाडीला पाजलं जातं. आपल्या मेहकर तालुक्यातलं बोअरचं पाणीही चहाच्या भांड्याला पांढरा थर आणतं. तो थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरला की कूलंट बदलूनही गाडी तापते. कूलंट म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं. ते उकळण्याचा बिंदू वर नेतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतलं ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजू देत नाही. ते गंजरोधक हळूहळू संपतात, म्हणूनच मुदत असते: जुन्या प्रकारच्या कूलंटची साधारण दोन-तीन वर्षं, लाँग लाइफवाल्याची पाच वर्षं किंवा जास्त. रंग हिरवा, गुलाबी, निळा असतो आणि कंपनीगणिक बदलतो, तेव्हा रंगावरून ओळखायचं नाही. दोन प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत. 'डल वाटतंय' ही तपासणी नव्हे. तांबूस गंज दिसतो का, वर तेलकट साय आहे का (असेल तर कूलंट बदलून भागणार नाही, हेड गॅसकेटचा संशय घ्यायला हवा), हायड्रोमीटरने प्रमाण किती दाखवतं, हे विचारा. कॉन्सन्ट्रेट घ्यायचं असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर घाला. नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगाने नागपूर गाठताना हे सगळं एकदम कामाला लागतं. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाल्यापासून आपल्या जुन्या गाड्या असा सलग वेग पहिल्यांदाच पाहताहेत.

बाकीचं थोडक्यात. साध्या गिअरबॉक्सचं ऑइल आणि मागच्या हौसिंगचं ऑइल पुस्तिकेतल्या मुदतीलाच बदला. पुरात गाडी बुडाली असेल, सीलमधून गळत असेल, तर वेळ पाहू नका. ऑटोमॅटिकवाल्यांनी ऑइलचा रंग आणि वास पाहावा, जळका वास आला तर बदलावं. 'लाइफटाइम' हा शब्द गाडीच्या लाइफटाइमबद्दल आहे की वॉरंटीच्या, हे विचारावं. एएमटीवाल्या गाड्यांचा गिअरबॉक्स मूळचा साधाच असतो, त्यांना ऑटोमॅटिकचं मशीन फ्लशिंग लागू नाही. एसीचा गॅस दरवर्षी संपत नाही. संपला असेल तर गळती शोधा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरशिवाय काही घालू नका. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांना इंजिन ऑइल नाही, पण डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइल आहेच.

आणि डीईएफ. बीएस-सहा ट्रक आणि काही डिझेल गाड्यांत हे युरियाचं द्रावण लागतं, ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. बाजारात महाग मिळतं म्हणून घरच्या खताच्या गोणीतला युरिया बादलीत विरघळवून टाकीत ओतण्याची टूम निघाली आहे. भावांनो, असं करू नका. २०१५ पासून देशात शेतीचा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला येतो. कपाशीसाठी ते बरं, पण तो लेप आणि खतातली बाकीची अशुद्धी सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकाला मारते. लिटरमागे थोडे रुपये वाचवून हजारोंचा भाग घालवायचा.

आता ज्या कामांचं शोरूम कधी नावही काढत नाही आणि जी खरंच हवीत, त्यांच्याबद्दल. ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग महिन्यांनी ठरत नाही, तासांनी ठरतं. मीटर त्यासाठीच असतं. वर्षातले अनेक महिने उभा राहणारा ट्रॅक्टर तारखेच्या हिशेबाने शोरूमला ओढत नेण्यात काही अर्थ नाही, मात्र पुस्तिकेत तास आणि महिने दोन्ही दिले असतील तर आधी येईल ते धरा. पण ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीत, थ्रेशरच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच ट्रॅक्टरचा ऑइल बाथ एअर क्लीनर रोज संध्याकाळी उघडायला हवा. खालची वाटी काढायची, चिखलासारखं झालेलं ऑइल ओतायचं, डिझेलने वाटी धुवायची, खुणेपर्यंत नवं ऑइल भरायचं. पंधरा मिनिटांचं काम. यात कोणाचं टार्गेट पूर्ण होत नाही म्हणून याचा फोन कधी येत नाही, आणि इंजिन मात्र याच्यावरच टिकतं. डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडणंही तसंच. ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलात बुडालेले असतील तर मागच्या हौसिंगमध्ये पुस्तिकेत लिहिलेलंच ऑइल घाला, नाही तर ब्रेक किंचाळतात. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरच्या मागच्या चाकापाशी गिअर ऑइलचा वेगळा छोटा साठा असतो, पेलाभरसुद्धा नाही. गल्लीतला मिस्त्री इंजिन ऑइल बदलतो आणि त्याला विसरतो.

म्हणजे ही चळवळ कंजुषीची नाही. फ्लशला पैसे देऊन बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणारा आणि वर्षानुवर्षं ब्रेक ऑइल न बदलणारा, बऱ्याचदा एकच माणूस असतो. आम्हीच आहोत तो.

"पण वॉरंटी जाईल ना?" या एका प्रश्नाने गावोगावचे लोक गार पडतात. वॉरंटीच्या काळात पुस्तिकेतली ठरलेली सर्व्हिसिंग करायची, पावत्या जपायच्या, ग्रेड पुस्तिकेप्रमाणे ठेवायचा. एवढं पाळलं की तक्त्यात नसलेला फ्लश नाकारला म्हणून वॉरंटी नाकारता येईल असं आम्ही मानत नाही, आणि तसं कोणी तोंडी म्हटलं तर लेखी द्यायला सांगू. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच डीलरांपुरती अडवून ठेवल्याबद्दल. बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट घालू नका, असंही त्याच आदेशात सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा देशासमोर आला तो आलाच. केंद्राच्या ग्राहक विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, २० जुलै २०२० पासून लागू आहे. बुलडाण्याच्या जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर चार आकडी आहे: १९१५. ग्राहकांनी एकत्र यायचं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी. फक्त तिथे चर्चा तेल-साखरेची होती, इथे इंजिन ऑइलची आहे.

आता आम्ही काय करू ते. जॉब कार्डवर सही करायच्या आधी त्यावर मराठीत एक ओळ लिहू: "विचारल्याशिवाय कोणतंही जादा काम करू नये; जादा काम असेल तर पुस्तिकेतलं पान दाखवावं." ॲडव्हायझरने यादी वाचली की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: "कोणत्या पानावर?" पान नसेल तर, "चला, गाडीपाशी जाऊन पाहू." काढलेले फिल्टर, रिकामे डबे आम्ही परत मागू. नको असलेलं काम नाकारताना आवाज चढवणार नाही. तो मुलगा आपल्याच चिखली-मेहकरचा, त्यालाही पगार आहे आणि वर सुपरवायझर आहे. आमचा वाद त्याच्या यादीशी आहे.

डीलरांकडे आमची मागणी साधी आहे. रिसेप्शनवर प्रत्येक मॉडेलचा तक्ता मराठीत लावा. बिलाचे दोन भाग करा, तक्त्यातली कामं वर, सुचवलेली कामं खाली, आणि खालच्या प्रत्येक ओळीसमोर कारण लिहा. कंपन्यांनी मराठी पुस्तिका द्यावी, आणि तीही गाडी घेतानाच. ज्या शोरूममध्ये हे होईल तिथे आम्ही जाऊ, चार माणसं आणखी पाठवू. गावातल्या मिस्त्रींनाही हेच लागू आहे. जळकं ऑइल नाल्यात ओतायचं नाही, डबा भरून ठेवायचा आणि अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचा.

या कामाला आम्ही नाव दिलेलं नाही आणि अध्यक्षही नेमलेला नाही. वर्गणी फक्त ब्रेक ऑइल तपासायच्या त्या पेनापुरती. सुरुवात आठवडी बाजाराच्या दिवशी होईल. ज्याच्याकडे पुस्तिका आहे त्याने ती घेऊन यावी. शेवटच्या पानांतल्या तक्त्याची झेरॉक्स काढून, त्यावर 'तपासा' आणि 'बदला' असं मराठीत लिहून, ती त्याच गाडीच्या कप्प्यात ठेवायची आणि एक प्रत गावातल्या त्या मॉडेलच्या बाकी मालकांसाठी. ज्याची पुस्तिका हरवली त्याच्यासाठी कंपनीच्या वेबसाइटवरून मोबाइलवर काढून देऊ; बहुतेकांच्या मिळतात. त्यासाठी येताना आरसी बुक सोबत आणा, मॉडेल आणि वर्ष त्यावरून पाहता येतं. 'आपली पांढरी गाडी' एवढ्यावर तक्ता सापडत नाही.